थांबवलेली वाक्यं

१

मालकांच्या टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक, दुसऱ्या एका प्रकाशकाचं नवंकोरं पुस्तक. दोन, सही नसलेलं माफीपत्र. घात पुस्तकानं केला होता आणि निस्तरायचा होता तो पत्रानं.

भिंगताई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा आतली बोलाचाली ऐन भरात होती. भिंगताई म्हणजे या कचेरीच्या मुद्रितशोधक. छापायला जाणारं प्रत्येक पान आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग कायम लोंबत असायचं, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. खरं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

कचेरी इंग्रजी शिकवणारी पुस्तकं काढायची. त्यातलं सगळ्यात मोठं पुस्तक यंदा येणार होतं. इंग्रजीत कोणता शब्द कोणत्या क्रियापदाच्या घरी नांदतो, हे सांगणारं. आपल्याकडे सगळं ‘करून’ भागतं. चूक करतो, गृहपाठ करतो, फोन करतो, लग्नही करतो. इंग्रजीत चूक ‘मेक’ होते, गृहपाठ ‘डू’ होतो, डुलकी ‘टेक’ होते आणि जेवण ‘हॅव’ होतं. व्याकरणाचा पेपर पैकीच्या पैकी सोडवणारी माणसं इथेच तोंडावर आपटतात. अशी चार हजार वाक्यं या पुस्तकात होती, आणि ती एकेक करून, अकरा वर्षं खपून जमवली होती क्रियापदबाईंनी. हे नाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जायचं. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

आज त्याच बाई मालकांसमोर उभ्या होत्या. बसायला सांगितलं असूनही उभ्या होत्या.

मालकांचं म्हणणं असं की, आपलं पुस्तक छापखान्यात असताना दुसऱ्याचं बाजारात आलं, आणि त्यात आपली दोनशे बारा वाक्यं जशीच्या तशी आहेत. छापखान्यात जायच्या आधी कचेरीबाहेर हस्तलिखित फक्त बाईंच्या घरी गेलं होतं. मग दुसरं कोण? बोभाटा नको, म्हणून बाईंनी माफीपत्रावर सही करावी आणि गुपचूप घरी बसावं. मुखपृष्ठावर एकट्या सरांचं नाव जाईल.

सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. निवृत्त प्राध्यापक, कचेरीचे सल्लागार, आणि या पुस्तकाचे ‘मुख्य संपादक’. दुसऱ्याचं ते पुस्तक त्यांनीच आणून दाखवलं होतं आणि पत्रही त्यांनीच लिहून दिलं होतं. मुखपृष्ठावर ‘संपादक’ कोण आणि ‘साहाय्य’ कोणाचं, यावरून त्यांचं नि बाईंचं महिनाभर वाजलेलं होतं.

“मी सही करणार नाही,” बाई म्हणाल्या. “उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही.”

“उद्या अकरापर्यंत विचार करा,” मालक म्हणाले आणि भिंगताईंकडे वळले. “ताई, तुम्ही दोन्ही पुस्तकं ताडून बघा. वाक्यं तीच आहेत एवढं लिहून द्या. बाकी काही नको.”

बाई बाहेर पडताना भिंगताईंशेजारी क्षणभर थांबल्या.

“मोजायला सांगितलंय ना तुला? मग नीट मोज. तुझ्यासारखी मोजणारी इथे दुसरी नाही.”

२

भिंगताईंनी खालच्या मजल्यावरचं आपलं टेबल रिकामं केलं. डावीकडे आपल्या पुस्तकाची प्रुफं, उजवीकडे ते आगंतुक पुस्तक. चोरलेल्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलची बारीक खूण आधीच केलेली होती. खुणा भरल्या दोनशे बारा. सर नेहमी टोकदार पेन्सिल वापरायचे आणि त्यांची खूण कधी रेघेबाहेर जायची नाही, तेव्हा त्या कुणाच्या हे विचारायलाच नको.

काम सोपं होतं. खूण दिसली की वाक्य वाचायचं, प्रुफात शोधायचं, सापडलं की टिंब द्यायचं. ‘शी टुक अ डीप ब्रेथ.’ सापडलं. ‘दे मेड अ डील.’ सापडलं. ‘वी हॅड अ क्विक लंच.’ सापडलं. दुपारपर्यंत भिंगताईंची मान मोडून आली, पण वाक्यामागून वाक्य जुळत गेलं. मनातून त्या खट्टू झाल्या. वाक्यं बाईंचीच होती यात शंका नव्हती.

मग एक वाक्य सापडेना. ‘ही टुक हिज रिपोझ आफ्टर द मील.’ माणूस जेवून आडवा झाला, एवढंच सांगायचं होतं. भिंगताईंनी ‘टेक’चं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. नव्हतं. पुढे आणखी एक अडलं, मग आणखी एक. त्यांनी ती वेगळ्या कागदावर उतरवली आणि चहा गार होईपर्यंत पुन्हापुन्हा शोधली.

दोनशे बारापैकी एकशे त्र्याण्णव वाक्यं प्रुफात होती. एकोणीस नव्हतीच. आणि तरीही कुणीतरी त्यांच्यापुढे पेन्सिलनं खूण केली होती, की ही आमची म्हणून.

३

ऑपरेटरला या कचेरीत अकरा वर्षं झाली होती. बाईंचं पहिलं कार्ड ज्या आठवड्यात कपाटात गेलं, त्याच आठवड्यात तो नोकरीला लागला. बाई हातानं कार्डं लिहायच्या आणि तो ती संगणकावर चढवायचा. भिंगताईंनी एकोणीस वाक्यांचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं दोन ओळी वाचल्या आणि गालात हसला.

“ही कशी असतील पुस्तकात, ताई? ही उलटी आहेत.”

“उलटी म्हणजे?”

तो उठला, मालकांच्या खोलीबाहेरच्या खिळ्यावरची किल्ली घेतली आणि कार्डांचं लाकडी कपाट उघडलं. किल्ली तिथे सगळ्यांसाठीच लटकलेली असायची. आत बारा खण होते आणि प्रत्येक खणात कार्डं उभी, चपलांच्या दुकानातल्या खोक्यांसारखी दाटीनं. त्यानं ‘गेट’चा खण ओढला. बरीच कार्डं सरळ उभी होती. पण मधूनमधून एखादं कार्ड डोकं खाली करून उभं होतं, अक्षरं उलटी.

ऑपरेटरनं बाईंची रीत सांगितली. वाक्य कानावर पडलं की बाई कार्डावर लिहितात, आणि कुठे, कुणाकडून मिळालं ते मागे नोंदवतात. मग ते वाक्य तीन जणांना मोठ्यानं वाचून दाखवतात. तिघांनाही पोटासाठी दिवसभर इंग्रजी बोलावं लागतं. एक हॉटेलच्या स्वागतकक्षातली मुलगी, एक दवाखान्यातली परिचारिका आणि एक विमान कंपनीच्या फोनवर बसणारा गृहस्थ. तुम्ही असं म्हणाल का, एवढंच विचारायचं. तिघं ‘हो’ म्हणाले की तीन बरोबरच्या खुणा आणि कार्ड सरळ. एकाच्याही कपाळाला आठी पडली की कार्ड उलटं. वाक्य चुकीचं असतं असं नाही, पण तसं कुणी बोलत नाही.

“मी विचारलं होतं एकदा, टाकून का देत नाही म्हणून,” ऑपरेटर म्हणाला. “बाई म्हणाल्या, वाक्य टाकायचं नसतं रे, थांबवायचं असतं. मी फक्त सरळ कार्डं टाइप करायची. उलट्याला बोटही लावायचं नाही.”

म्हणजे ती एकोणीस वाक्यं हस्तलिखितात नव्हती, संगणकात नव्हती, बाईंच्या घरीही नव्हती. ती फक्त या कपाटात होती. भिंगताईंनी भिंग उचललं आणि ‘टेक’चा खण उघडायला सांगितला.

ऑपरेटरनं तो ओढला आणि त्याचा चेहराच उतरला. त्यानं ‘मेक’ ओढला, मग ‘हॅव’ ओढला. बाकीच्या नऊ खणांत उलटी कार्डं जागच्या जागी होती. या तीन खणांतलं मात्र एकूण एक कार्ड सरळ उभं होतं, शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तसं. एकोणीसही वाक्यं त्यांतच सापडली, पण त्यांच्या एकाही कार्डावर तीन खुणा नव्हत्या.

“हे कुणी केलं?” त्यानं विचारलं. “बाईंना कळलं तर जीव घेतील.”

४

मालकांचा भाचा विक्री बघायचा आणि सदा घाईत असायचा. पुस्तक अकरा वर्षं लोंबलं याचा त्याला मनस्वी राग होता आणि तो त्यानं लपवलाही नाही. बाईंची ती तीन कानांची भानगड नसती तर पुस्तक पाच वर्षांपूर्वीच आलं असतं, असं तो चारचौघांत बोलायचा. भिंगताईंनी उलट्या कार्डांबद्दल विचारलं तर त्याला तो प्रकार ठाऊकच नव्हता.

“कपाटात मी कशाला तडमडू? अख्खं पुस्तक माझ्या संगणकात आहे,” तो म्हणाला. “मला चोरायचंच असतं तर चार हजार चोरली असती, ताई. दोनशे बारा कोण चोरतं?”

बोलणं उद्धट होतं, पण मुद्दा बिनतोड होता. भिंगताईंनी तो मनात नोंदवून ठेवला.

सर आपल्या खोलीत होते. भिंगताईंनी कागद टेबलावर टाकले, ते त्यांनी बोलता बोलता कडेला कड लावून नीट रचले. कपाचा कान उजवीकडे केला. भिंगताईंनी पेन्सिल तिरकी ठेवली, तीही सरळ केली. इतका टापटिपीचा माणूस भिंगताईंनी आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता. आणि मुख्य संपादक असूनही त्यांच्या टेबलावर हस्तलिखिताचं एक पान नव्हतं. शेवटचा हात फिरल्याशिवाय सरांना प्रत द्यायची नाही, असा बाईंचा हुकूम होता, आणि संगणकाला तर सर शिवतही नसत.

कपाटाचा विषय निघाला तेव्हा सर म्हणाले की धुळीनं शिंका येतात, त्यामुळे कपाटाला त्यांनी आजवर हातही लावलेला नाही. खुणा मात्र त्यांनीच केल्या होत्या. दुसऱ्याचं पुस्तक दुकानात दिसलं, संशय आला, म्हणून परवा इथे बसून, छापखान्यातून प्रुफं मागवून, एकेक वाक्य ताडून बघितलं.

“एकेक?” भिंगताईंनी विचारलं.

“एकेक. दोनशे बारा. तुम्हीही तेवढीच मोजली असतील.”

सर उठून दारापर्यंत आले आणि फार मायेनं म्हणाले की अहवाल जितका छोटा तितका बरा. वय झालं की माणसानं नसत्या फंदात पडू नये. पुढल्या पुस्तकाला मुद्रितशोधक लागेलच असं नाही, हल्ली यंत्रं निघाली आहेत.

भिंगताई जिना उतरल्या. घरी दोन पोरं शिकत होती आणि ही नोकरी गेली तर दुसरी मिळायचं वय राहिलं नव्हतं. मालकांना हवी ती ओळ लिहून मोकळं व्हावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. ओळ खोटीही ठरली नसती. वाक्यं तीच होती.

खाली बाई आपल्या वस्तू आवरत होत्या. म्हणजे आवरा असा निरोप आला होता आणि बाई टेबलाशी हाताची घडी घालून बसल्या होत्या. भिंगताईंनी विचारलं, त्या पुस्तकातली एकोणीस वाक्यं तुमची थांबवलेली आहेत, हे तुम्ही मालकांना सांगितलं का नाही?

“मला ते पुस्तक उघडून दाखवलंय कुणी? लांबून नाचवलं आणि म्हणाले सही करा,” बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. “कुठली एकोणीस? दाखव.”

त्यांनी कागद हातात घेतला, पहिलं वाक्य वाचलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा भिंगताईंना त्यांचे डोळे भरून आलेले दिसले.

“चोर म्हणाले ते मी सोसलं असतं गं. पण ही वाक्यं मी छापायला दिली, असं वाटलं यांना?”

भिंगताईंनी कागद परत घेतला. काय लिहायचं ते ठरलं होतं. नोकरी राहो नाहीतर जावो.

५

दुसऱ्या दिवशी अकराला मालकांच्या खोलीत सगळे जण होते. बाई आजही उभ्याच. ऑपरेटर दाराशी, भाचा घड्याळाकडे बघत. भिंगताईंनी ‘गेट’चा खण कपाटातून काढून आणला होता आणि तो टेबलावर सरांच्या हाताशी ठेवला.

“अहवाल कुठाय?” मालकांनी विचारलं.

“तोंडी देते. वाक्यं आपलीच आहेत. पण ती बाईंनी दिलेली नाहीत.”

सरांनी एक निःश्वास टाकला आणि बोलायला घेतलं. विश्वास कसा काचेचा असतो, संस्थेचं नाव कसं व्यक्तीपेक्षा मोठं असतं, प्रेमापोटी माणसं डोळ्यांवर कशी पट्टी बांधून घेतात. ते छान बोलायचे. सगळे ऐकत होते. भिंगताई मात्र त्यांच्या हातांकडे बघत होत्या. बोलता बोलता त्यांची बोटं खणात गेली. एक उलटं कार्ड त्यांनी अलगद उचललं, सरळ केलं आणि परत खोचलं. मग दुसरं. मग तिसरं.

“अहो सर,” ऑपरेटरच्या तोंडून निघून गेलं, “ती सरळ नाही करायची.”

सरांचा हात हवेतच थांबला.

भिंगताईंनी मग सावकाश, प्रूफ वाचावं तसं एकेक सांगितलं. चोरलेली वाक्यं फक्त तीन खणांतली आहेत, आणि त्याच तीन खणांतली कार्डं कुणीतरी सरळ केली आहेत. म्हणजे चोर संगणकाकडे गेला नाही, कपाटाकडे गेला. बाईंच्या घरी पूर्ण हस्तलिखित होतं, भाच्याकडे आणि ऑपरेटरकडे पूर्ण पुस्तक होतं. या तिघांना कपाट उघडायची गरज काय? गरज फक्त त्यालाच, ज्याच्याकडे पुस्तकाचं एक पानही नव्हतं.

“शिवाय उलट्या कार्डाचा अर्थ बाईंना ठाऊक, ऑपरेटरला ठाऊक,” भिंगताई म्हणाल्या. “ज्यानं ती सरळ केली, त्याला वाटलं गबाळेपणानं उलटी पडलीत. त्याला वाटलं कपाटातलं सगळंच पुस्तकात जाणार. म्हणजे या पुस्तकाचं काम कसं चालतं हे त्यानं अकरा वर्षांत एकदाही बघितलेलं नाही.”

“हा तर्क झाला,” सर म्हणाले. आवाज शांत होता. “बाईंनीच कार्डं सरळ केली असतील, लोकांना चकवायला.”

“असेल. मग एक सांगा. तुम्ही म्हणालात, प्रुफं समोर ठेवून एकेक वाक्य ताडलं आणि दोनशे बारा भरली. मीही ताडलं. प्रुफात एकशे त्र्याण्णव आहेत.” भिंगताईंनी ते पेन्सिलच्या खुणांचं पुस्तक आणि एकोणीस वाक्यांचा कागद मालकांपुढे सरकवला. “उरलेली एकोणीस प्रुफात नाहीत, हस्तलिखितात नाहीत, कुठेच नाहीत. ती आपली आहेत हे सरांना कुणी सांगितलं?”

मालकांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं आणि सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

“मी ताडलंच नाही,” ते शेवटी म्हणाले. “कशाला ताडायचं? मला माहीत होती.”

मग सगळं बाहेर आलं. त्या प्रकाशकाला वाक्यं त्यांनीच कपाटातून उतरवून दिली होती. मुखपृष्ठावर दोन नावं नको होती, एवढंच कारण. आपण आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि नाव लागणार एका कार्डं भरणाऱ्या बाईच्या शेजारी, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. थोडी वाक्यं बाहेर जावीत, आळ बाईंवर यावा आणि त्यांनी निमूट निघून जावं, असा बेत होता. बाई निमूट जाणाऱ्यांतल्या नाहीत, एवढंच त्यांच्या हिशेबात नव्हतं.

बाई पहिल्यांदाच बोलल्या. त्यांनी ऑपरेटरला ‘टेक’चा खण आणायला सांगितलं, त्यातून झटक्यात एक कार्ड काढलं आणि मागची बाजू सरांपुढे धरली. ते वाक्य कुणाकडून मिळालं, त्या जागी लिहिलं होतं, ‘सर’.

“तुम्ही मला चाळीस वाक्यं दिली होतीत. त्या एकोणिसातली चौदा तुमची. स्वतःची वाक्यं तुम्हाला सोडवली नाहीत. चाळीसही थांबली होती, सर. जेवल्यावर कुणी रिपोझ टेक करत नाही, असं ती परिचारिका म्हणाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोलले नाही. तेवढी मात्र माझी चूक.”

सरांचा चेहरा पडला. पकडले गेले तेव्हा पडला नव्हता, तेवढा आता पडला.

“एका नर्सच्या सांगण्यावरून?” ते पुटपुटले.

“हो. भाषा ती बोलते. आपण नुसती शिकवतो. आणि माझी स्वतःची अकराशे उलटी उभी आहेत या कपाटात. मोजा हवं तर. ताई मोजून देईल.”

सर उठले आणि गेले. जाताना खुर्ची सरळ करायची राहिली.

६

मालकांनी टक्कल चोळलं. मग त्यांनी नेहमीचा सूर लावला. झालं गेलं विसरून जा, बाई. पुस्तक तुमचंच आहे. पत्र फाडून टाकू.

“फाडू नका,” बाई म्हणाल्या. “आणा इकडे.”

त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. मुखपृष्ठावर त्यांचं नाव, खाली बारीक अक्षरांत नाही, वर. पहिल्या पानावर त्या तिघांची नावं, हॉटेलातली मुलगी, परिचारिका आणि फोनवरचा गृहस्थ. आणि भिंगताईंच्या नोकरीला कुणी हात लावायचा नाही. भाचा काहीतरी बोलणार होता, मामांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि तिन्ही अटींना मान डोलावली.

मग बाई त्या खोलीत पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. त्यांनी माफीपत्र उलगडलं आणि सरांची ती घोटीव ओळ खणखणीत आवाजात वाचली.

“‘आय हॅव कमिटेड अ ग्रेव्ह एरर अँड बेग टू टेंडर माय अपॉलॉजी.’” त्यांनी मान वर केली. “तुम्ही असं म्हणाल का?”

“नाही,” ऑपरेटर म्हणाला.

“छे,” भाचा म्हणाला.

भिंगताईंनी भिंग डोळ्याला लावून पत्राकडे नीट बघितलं. ओळीत चूक एकही नव्हती.

“नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “असं कुणीच म्हणत नाही.”

बाईंनी पत्राची कार्डाएवढी घडी घातली, ‘मेक’चा खण मागवला आणि ती घडी शेवटच्या कार्डामागे उलटी उभी केली. मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात करून तीन खुणा नसलेलं एकेक कार्ड पुन्हा उलटं करायला घेतलं. भिंगताईंनी खुर्ची ओढली आणि दुसरा खण आपल्याकडे घेतला.